पालकाचा लाल उजेड

"काल रात्री दिवे घालवून ओट्यावर काय चाललं होतं गं तुमचं?"

सकाळी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात आले, तर काकू भिंतीपलीकडे हजर. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीइतकी. तिच्यावर काकूंची कोपर टेकायची जागा ठरलेली आहे. तिथला गिलावा झिजलाय.

"काही नाही हो, काकू."

"काही नाही कसं? आमच्या ह्यांनी गच्चीवरून बघितलं. तुझ्या खिडकीत लाल लाल काहीतरी दिसत होतं. मी म्हटलं, असेल काही पूजाबिजा. तर म्हणाले, पूजेला स्पिरिटचा वास येत नाही."

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नाहीतर दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं की कॉलेजातल्या बाईंनी घरी भट्टी लावली.

"पालक होता, काकू."

"पालक? लाल?"

"अहो, अकरावीच्या पोरांना दाखवायचं होतं, म्हणून आधी घरी करून बघितलं. पालकाची चार पानं खलबत्त्यात कुटली, मेडिकलच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये दहा मिनिटं बुडवली, मग कापसातून गाळली. छान गडद हिरवं पाणी उतरलं. दिवे घालवले आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्याच्यावर मारला. हिरवं पाणी लाल! म्हणजे असं तसं नाही, चांगलं किरमिजी. टॉर्च बंद करून दिवा लावला की परत हिरवं."

"काहीतरीच!"

"संध्याकाळी या, दाखवते. ही काही माझी करामत नाही. डेव्हिड ब्रूस्टर म्हणून एक स्कॉटिश गृहस्थ होते, जत्रेत मुलं ज्यात रंगीत काचा बघतात तो कॅलिडोस्कोप त्यांनीच केला. त्यांनी १८३४च्या सुमाराला पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्कातून उन्हाचा झोत सोडला आणि बाजूनं बघितलं तर लाल. त्यानंतर १८५२ साली स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं सांगितलं की हा उजेड आरपार आलेला नाही, द्रव्यानं एक रंग गिळून दुसरा बाहेर टाकलाय. निळा प्रकाश द्या, जांभळा द्या, पानातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, परत देताना लालच देतं. वरची जादा ऊर्जा क्षणाच्याही आत उष्णतेत जिरते आणि सगळ्यात खालच्या पायरीवर उरते तेवढीच उजेड होऊन बाहेर पडते."

काकूंचं आयुष्य पोस्टात गेलं, बचत खात्याच्या खिडकीवर. त्यांना आश्चर्य वाटतं, पण फार वेळ नाही. लगेच हिशोब मागतात.

"मग पानावर टॉर्च मारला तर पान का लाल दिसत नाही?"

हा प्रश्न काकूंना सुचला. माझ्या वर्गातल्या साठ पोरांपैकी एकालाही गेल्या वर्षी सुचला नव्हता.

"पान जवळपास काळंच दिसतं. अगदी मंद लालसर छटा असते, पण डोळ्याला कळत नाही. अर्कात शंभर कण प्रकाशाचे गेले तर तीसेक लाल होऊन परत येतात. पानात शंभराला एखाद-दुसरा."

"कारण पानात ते कामात असतं. साखर करायची असते ना झाडाला? बाटलीत काम नाही, म्हणून चमकत बसतं. आमच्या ह्यांचं रिटायर झाल्यापासून तेच चाललंय."

"बरोबर. अर्धं बरोबर."

"अर्धं का?"

"कारण दुसरा ग्लास."

आणि हाच भाग मला स्वतःला जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्क दोन ग्लासांत सारखा ओतला. एकात तिप्पट स्पिरिट घातलं, दुसऱ्यात तिप्पट साधं पाणी. म्हणजे दोन्ही सारखेच पातळ झाले, त्याबद्दल कुणाला शंका नको. स्पिरिटवाल्या ग्लासात टॉर्च मारला, लाल आहेच, थोडं फिकं. पाणीवाला ग्लास किंचित गढूळ झाला, हिरवा रंग जागच्या जागी, पण टॉर्च मारला तर लाल जवळजवळ गायब. तिथं पान नाही, साखर नाही, काम नाही. मग चमक गेली कुठे?

काकूंनी कोपर बदललं. "पाण्यानं विझली?"

"पाण्यानं नाही, पाण्याच्या धाकानं. क्लोरोफिलच्या रेणूला एक चपटं डोकं असतं, मधोमध मॅग्नेशियम, आणि मागे वीस कार्बनची लांब स्निग्ध शेपटी. पाण्याशी त्या शेपटीचं अजिबात जमत नाही. स्पिरिटमध्ये प्रत्येक रेणू सुटा फिरतो. पाणी वाढलं की सगळे घाबरून एकमेकांना चिकटतात. त्यांचे घोळके होतात. घोळका झाला की चमक जाते."

"म्हणजे एकटा असला की उजेड आणि दहा जमले की अंधार?"

"हो ना."

"उलटं व्हायला हवं होतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं. दहा दिवे लावले तर दहापट उजेड. पण हे दिवे एकमेकांशी बोलतात, काकू. प्रकाश गिळला की रेणू उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा त्याच्यापाशी सेकंदाचे पाच-सहा अब्जांश भाग टिकते. एकटा असेल तर तेवढ्या वेळात तो ती सोडतो. शेजारी दुसरा असेल तर ऊर्जा त्याच्याकडे उडी मारते. त्याच्याकडून तिसऱ्याकडे. अंतर निम्मं केलं की ही उडी चौसष्टपट वेगानं होते. फोर्स्टर नावाच्या जर्मन माणसानं १९४० च्या दशकात हे गणित मांडलं. घोळक्यात अंतर असतंच किती? ऊर्जा शेकडो दारं फिरून येते."

काकूंचे डोळे चमकले. त्यांच्या विषयात आलो होतो आम्ही.

"बातमीसारखं! मी तुला सांगितलं, तू पलीकडच्या वहिनींना, त्यांनी किराणावाल्याला."

"अगदी तसंच. आता मला सांगा, आपल्या गल्लीत असं कुठलं घर आहे, जिथं बातमी गेली की पुढे जातच नाही?"

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजी," काकू क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "त्यांच्या कानावर गेलं की संपलं. ऐकतात, हूं म्हणतात आणि विसरतात."

"घोळक्यात तशी घरं असतात. कुठले तरी दोन रेणू एकमेकांना इतके आणि अशा कोनात चिकटतात की त्यांच्यात ऊर्जा आली की लाल होऊन बाहेर येत नाही, पुढेही जात नाही, गुपचूप उष्णता होऊन जिरते. असं घर शंभरात एक असलं तरी पुरतं, कारण बातमी सगळ्या दारांवर जाते, आज ना उद्या आजींकडे पोचतेच."

"आणि एकटं असताना बाकीच्या सत्तरांचं काय झालं?"

"कुठल्या सत्तरांचं?"

"अगं, शंभर गेले, तीस लाल होऊन आले म्हणालीस ना मघाशी. सत्तर कुठे जमा दाखवलेस?"

सांगितलं ना, पोस्ट! तर ते सत्तर असे: त्यातले साठाच्या वर एका वेगळ्या उत्तेजित अवस्थेत जातात. ती अवस्था लाखो पटींनी जास्त टिकते, आणि तीच धोक्याची. आसपास ऑक्सिजन असला की ऊर्जा त्याला चढते आणि तो जे सापडेल ते जाळत सुटतो. म्हणूनच झाड सुटं क्लोरोफिल कधी मोकाट ठेवत नाही. पान पिकायला लागलं की ते आधी मोडून निर्धोक करून टाकतं. घोळक्यात मात्र ऊर्जा इतक्या झटपट जिरते की त्या धोक्याच्या अवस्थेत जायला तिला वेळच मिळत नाही. हे लक्षात ठेवा, काकू, पुढे लागेल.

"ठेवलं. पण आता मला सांग, पानात हे हरितद्रव्य सुटं असतं की घोळक्यात?"

"हीच तर मेख! पानात भयंकर गर्दी असते. इतकी, की तेवढंच दाट क्लोरोफिल नुसतं ईथरमध्ये विरघळवलं तर चमक पार बंद पडेल. चमक बंद म्हणजे ऊर्जाही आजींकडे. मग साखर कशाची करणार? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉर्ज पोर्टर होते, १९६७ च्या नोबेलचे एक मानकरी. ते आणि त्यांचे सहकारी बेडार्ड यांनी १९७६ साली हा हिशोब कॉम्प्युटरवर मांडून बघितला. रेणू कसेही विखुरले तर काही जोड्या नशिबानं एकमेकींच्या फार जवळ येणारच. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही जवळ. तेवढ्या जोड्या सगळी ऊर्जा खायला पुरेशा आहेत. म्हणजे पानातलं क्लोरोफिल कसंही विखुरलेलं असणं शक्यच नाही. कुणीतरी प्रत्येकाला धरून ठेवलेलं असणार."

"कुणी?"

"प्रथिनानं. आणि गंमत म्हणजे त्याचा नीट फोटो मिळाला तो पालकाचाच. बीजिंगच्या लोकांनी २००४ साली पालकातल्या त्या प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी बघितलं. एका प्रथिनात चौदा क्लोरोफिल, आठ एका जातीचे, सहा दुसऱ्या. प्रत्येकाची जागा ठरलेली, कोन ठरलेला. अशी तीन प्रथिनं गळ्यात गळे घालून बसतात, म्हणजे बेचाळीस. बातमी पटापट फिरावी इतके जवळ, पण आजी तयार होऊ नयेत इतके लांब."

काकूंनी तेवढ्यात अंगणातल्या नळाकडे बघितलं. पाणी साडेआठला जातं. पण बादली भरायला त्या हलल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

"आणि ही बातमी शेवटी जाते कुणाकडे?"

"१९३२ साली एमर्सन आणि अर्नॉल्ड या शास्त्रज्ञांनी शेवाळावर प्रकाशाचे क्षणिक झोत मारून मोजलं. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला क्लोरोफिलचे सुमारे अडीच हजार रेणू लागतात असं निघालं. आधी कुणाचा विश्वास बसेना. कळलं ते पुढे: बहुतेक सगळे नुसते प्रकाश गोळा करतात, खरं काम अगदी मोजक्या जागी होतं. आणि तिथं, त्या कामाच्या जागी, पुन्हा दोन क्लोरोफिल एकमेकांना खेटून बसलेले असतात! म्हणजे जी जवळीक बाटलीत वाईट ठरली, तीच इथं मुद्दाम ठेवलीय. फरक इतकाच की इथं ऊर्जा आली की उष्णता व्हायच्या आत एक इलेक्ट्रॉन उडी मारून पुढे निघून जातो. सेकंदाच्या अब्जांशाचाही छोटासा भाग लागतो त्याला."

"म्हणजे आजींच्या घरात फोन बसवला."

मी हसले. पण मनात म्हटलं, पाठ्यपुस्तकात दोन पानं घालून हे इतकं नीट येत नाही.

"मग पानात घोळका कधी होतच नाही तर," काकूंनी निकाल देऊन टाकला.

"होतो की. झाड स्वतः करतं. भर दुपारी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. बारा वाजता ऊन इतकं येतं की साखर करणारी यंत्रणा पुरी पडत नाही. ऊर्जा साचून राहिली की तो मघाचा ऑक्सिजनचा धोका. मग पान काही मिनिटांत आपली व्यवस्था बदलतं. आतल्या पडद्यांत आम्लता वाढते, एका पिवळ्या रंगद्रव्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं आणि प्रकाश गोळा करणारी ती प्रथिनं एकमेकांना चिकटून घोळके करतात. जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. शेफील्डचे पीटर हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली हे मांडलं. त्यांचा पुरावा साधा होता: ही प्रथिनं पानातून काढून साबणासारख्या द्रव्यात सुटी ठेवली तर ऊर्जा चारेक अब्जांश सेकंद टिकते, ते द्रव्य काढून घेतलं की प्रथिनं गोळा होतात आणि हा वेळ एकदम खाली येतो. आता पानात नेमक्या कुठल्या रेणूपाशी ऊर्जा जिरते, यावर शास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत. पण घोळका होतो आणि चमक उतरते, हे दोन्ही मोजून झालंय."

"बघ! म्हणजे मी म्हटलं तेच. गर्दी झाली की नुकसान, मग ते मुद्दाम करा नाहीतर चुकून."

"इथंच तुमचा नियम मोडतो, काकू."

काकूंना हे आवडलं नाही. त्यांनी पदर खोचला.

"हिरवे गंधक-जीवाणू म्हणून असतात. काळ्या समुद्रात शंभर मीटर खोल, जिथं उजेड नावालाच पोचतो, तिथंही ते जगतात. २००५ साली तर पॅसिफिकच्या तळाशी, सुमारे चोवीसशे मीटर खाली, गरम झऱ्याच्या तोंडाशी असा एक सापडला. तिथं सूर्य कुठला? झऱ्याच्या उष्णतेतून जो अंधूक उजेड निघतो त्यावर त्याचं चाललेलं. या जीवाणूंच्या अंगात छोट्या पिशव्या असतात आणि एकेका पिशवीत लाख-दोन लाख क्लोरोफिल. प्रथिनाचा आधार नाही, नुसता घोळका. पाणीवाल्या ग्लासासारखाच."

"आणि तरी चालतं?"

"उत्तम चालतं. कारण तो घोळका शिस्तीचा आहे. रेणू एकमेकांना ठरावीक ठिकाणी पकडून रांगा करतात, रांगांच्या गुंडाळ्या होतात. इतके जवळ आले की ऊर्जा एका रेणूची राहतच नाही, एकाच वेळी अनेकांवर पसरते. त्यामुळे ते गिळतात तो रंगसुद्धा बदलतो. सुटा रेणू ६७० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल गिळतो, रांगेतला ७४० च्या आसपासचा, जो आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. रेणू एकामागे एक असे रांगेत बसले तर ऊर्जेची खालची पातळी प्रकाश घेते आणि देतेही. तोंडाला तोंड लावून बशांसारखे रचले तर तीच खालची पातळी मुकी होते, ऊर्जा तिच्यात उतरते पण उजेड होऊन बाहेर पडत नाही. तेच रेणू, तीच गर्दी. कसे बसलेत यावर सगळं."

"मग माझ्या... म्हणजे तुझ्या त्या पाण्याच्या ग्लासात कसे बसतात?"

"कसेही."

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या बाबतीत ही घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

"बरं, हे सगळं कळून शेतकऱ्याचा काय फायदा?" त्यांचा भाऊ लातूरकडे सोयाबीन करतो, गप्पा कुठूनही निघाल्या तरी भावापर्यंत पोचतात.

"तेच सांगणार होते. दुपारी पान ऊर्जा जाळायच्या व्यवस्थेत गेलं आणि तेवढ्यात ढग आला किंवा वरच्या पानाची सावली पडली, तर आता ऊन कमी आहे, ऊर्जा वाया घालवायला नको. पण पान लगेच पूर्ववत होत नाही, कित्येक मिनिटं लागतात. तोवर हातचं ऊन फुकट. अमेरिकेत इलिनॉयमध्ये स्टीफन लाँग यांच्या गटानं ही परतायची क्रिया वेगानं व्हावी म्हणून तीन जनुकं वाढवली. २०१६ साली त्यांनी छापलं की शेतातल्या तंबाखूची वाढ सुमारे पंधरा टक्क्यांनी जास्त झाली."

"तंबाखूच का? सगळं सोडून?"

"तंबाखूत जनुकं बदलणं सोपं जातं म्हणून. खायला कुणी नाही केला तो. पुढे त्यांनी सोयाबीनवर केलं."

काकू भिंतीवर पुढे झुकल्या. "मग?"

"२०२० च्या हंगामात बदल केलेल्या रोपांच्या बऱ्याच वाणांत दाणा वीस टक्क्यांच्या वर वाढला. २०२१ ला वादळानं पीक लोळलं आणि फरक काही दिसला नाही. निकाल २०२२ साली छापला, दोन्ही वर्षांचा. आणि आपल्याकडे तसलं जनुक बदललेलं सोयाबीन पेरायला परवानगी नाही."

"एक वर्ष वाढलं, एक वर्ष नाही, आणि पेरायला परवानगी नाही." काकूंनी बोटांवर तिन्ही कलमं मोजली आणि कोपर उचललं. "मग लातूरला इतक्यात काही कळवत नाही. संध्याकाळी तो टॉर्च मात्र दाखव. आणि पालक माझ्याकडचा घे, तुझा भाजीवाला शिळा देतो."

त्या नळाकडे गेल्या. तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर एवढंच सांगते: स्पिरिट भुर्रकन पेटतं, तेव्हा गॅस बंद करून, खिडकी उघडी ठेवून करा. ग्लास काचेचे पारदर्शक घ्या, प्रयोगानंतर ते ओट्यावर पिण्याच्या ग्लासांत मिसळू देऊ नका, आणि पाणीवाल्या ग्लासाशेजारी स्पिरिटवाला ग्लास ठेवायला विसरू नका. नाहीतर कुणीतरी म्हणेलच की नुसतं पातळ झालं म्हणून लाल गेलं.